घरी कोंबडी कापल्यावर उरलेल्या भागांचं काय करायचं? काय खायचं, काय पुरायचं, कशाला हातही लावायचा नाही

पाहुणा आला, लग्नसराई सुरू झाली किंवा नवस फेडायचा असला, की नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक गाव-पाड्यांवर घरचीच कोंबडी कापली जाते. मटण पातेल्यात जातं आणि बाकीचं परसात, उकिरड्यावर नाहीतर नाल्यात. त्यात खाण्याजोगं बरंच वाया जातं. वर कुत्री आणि कावळे ती घाण ओढून दुसऱ्याच्या खुराड्यापर्यंत नेतात, ते वेगळंच.

दीड किलोच्या गावरान कोंबडीचं हाडासकट मटण साधारण एक किलो भरतं. कलेजी, पेटा, मान आणि पाय मिळून २०० ग्रॅमच्या आसपास होतात. म्हणजे निरोगी कोंबडीचं फारसं काही फेकायची गरज नाही. आजारी कोंबडीचं मात्र काहीच घेऊ नये. हा फरक कापण्याआधीच ओळखायला हवा.

आधी कोंबडी नीट बघा

कोंबडी सुस्त आहे, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, हिरवट-पांढरी हगवण आहे, मान वाकडी झाली आहे, तुरा निळसर पडला आहे, नाका-तोंडातून पाणी येतंय, यातलं एकही लक्षण दिसलं तर ती कापू नका. "मरण्याआधी कापून घेऊ, तेवढंच मटण" हा विचार गावोगाव होतो आणि तोच महागात पडतो. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग मेलेल्या कोंबडीच्या आतड्या-पिसांमधून सगळ्या वस्तीत पसरतो.

बर्ड फ्लूचा फटका काय असतो, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरमध्येच सापडला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. मटण पूर्ण शिजवल्यावर हा विषाणू मरतो हे खरं आहे. पण खरा धोका ताटात नसतो. तो कापताना, पिसं काढताना आणि आतडी हाताळताना असतो.

कोंबडीला औषध चालू असेल, तर किती दिवस थांबायचं ते पशुवैद्यकाला विचारूनच कापा. औषधाचा अंश कलेजीत जास्त राहतो.

कापताना वाटणी करा

आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवा, पाणी मात्र द्या. ८ ते १२ तासांत पोट रिकामं होतं आणि घाण कमी निघते. कापायला बसताना जवळ तीन भांडी ठेवा: एक मटणाला, दुसरं कलेजी-पेटा, मान आणि पायांना, तिसरं पुरायच्या घाणीला. सगळं एकाच टोपलीत टाकलं की चांगला मालही खराब होतो.

खाण्याजोगे भाग

*कलेजी:* तिला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता कलेजीच्या थोड्या भागासकट कापून काढा. पित्त सांडलंच, तर हिरवा झालेला भाग काढून टाका, नाहीतर सगळं कडू होतं. कलेजीवर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या, ती खूप सुजलेली किंवा हात लावताच भुगा होणारी असली, तर त्या कोंबडीचं मटणही खाऊ नका. चांगल्या कलेजीत लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व भरपूर असतं. अ जीवनसत्त्वही खूप असल्यामुळे गरोदर बाईने मात्र ती वरचेवर खाऊ नये.

*पेटा:* मधून चीर द्या, आतले खडे आणि दाणे काढा, पाण्याने धुवा आणि आतली पिवळी साल ओढून काढा. पेटा चिवट असतो. कलेजीच्या आधी अर्धा तास शिजायला टाका.

*पाय:* कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. वरची पिवळी कातडी मोज्यासारखी निघते. नखं तोडून टाका.

*आळणी:* पाय, मान, पंखांची टोकं आणि पाठीचा सांगाडा एकत्र घ्या. बुडेल त्याहून थोडं जास्त पाणी, हळद, मीठ, आलं आणि लसूण घालून मंद चुलीवर दोन तास उकळा. थंड झाल्यावर घट्ट झाली, तर आळणी उत्तम जमली असं समजा. रस्सा, भात किंवा डाळ तिच्यात करता येते. आजारातून उठलेल्याला नुसतीही द्यावी.

*चरबी:* गावरान कोंबडीच्या पोटातली पिवळी चरबी मंद आचेवर वितळवा आणि गाळून घ्या. फोडणीला तेलाऐवजी चालते.

*कोवळी अंडी:* अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या पोटात पिवळ्या बलकांचा घोस मिळतो. तो रश्शात शेवटी सोडून पूर्ण शिजवा.

*आतडी:* खाणाऱ्यांनी ती उभी चिरून, मीठ चोळून तीन-चार पाण्यांनी धुवावीत आणि आधी वेगळी उकळून घ्यावीत. एवढं करणं होणार नसेल तर ती सरळ पुरा.

कापल्यावर मटण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात एका तासातच शिजायला टाका. फ्रीज असेल तरी कलेजी-पेटा एक-दोन दिवसांतच संपवा. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबीर चिरायला घेऊ नका.

पिसं, रक्त आणि आतडी: खत करा किंवा पुरा

पिसांमध्ये नत्र भरपूर असतं, पण ती कुजायला कित्येक महिने लागतात. पिसं जाळली तर नुसती दुर्गंधी सुटते, खत मिळत नाही. खताच्या खड्ड्यात तळाला भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट हातभर पसरा. त्यावर शेण कालवा, मधोमध पिसं, रक्त आणि आतडी टाका आणि पुन्हा हातभर पाचटाने झाका. घाण कडेला राहिली तर माश्या आणि कुत्री येणारच. ढीग आतून चांगला तापला पाहिजे. पिसं पूर्ण विरघळल्याशिवाय हे खत शेतात टाकू नका. भाजीपाल्याला तर अजिबात घाईने देऊ नका.

खताचा खड्डा नसेल तर दोन-अडीच फूट खोल खड्डा खणा. घाण टाकून वर चुना भुरभुरा, किमान फूटभर माती दाबा आणि काटेरी फांद्या ठेवा. विहीर, हातपंप आणि नाल्यापासून खड्डा शंभर फूट तरी लांब हवा. पावसाळ्यात पाणी साचणारी जागा टाळा.

जेवणानंतरची हाडं चुलीत पूर्ण जाळा आणि कुटून लिंबू-आंब्याच्या बुडाशी टाका. झाडाला स्फुरद आणि कॅल्शियम मिळतं.

हे करू नका

- कच्ची आतडी दुसऱ्या कोंबड्यांना घालू नका. रोग असला तर तो सरळ खुराड्यात जातो.
- कुत्र्याला कच्चं देऊ नका, चटक लागली की ते जिवंत कोंबडीवर जातं. द्यायचंच तर उकळून द्या, पण शिजलेली हाडं नकोत. ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात.
- गाई-म्हशींच्या चाऱ्यात यातलं काहीही मिसळू नका.
- नाल्यात किंवा नदीत टाकू नका. खालच्या पाड्याचं पिण्याचं पाणी तेच असतं.

कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर

एकाच वेळी दोन-चार कोंबड्या दगावल्या, तर उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, बाजारात नेऊ नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. मुलांना लांब ठेवा. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा, ग्रामपंचायतीलाही सांगा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने अशी माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. नमुना घेतल्याशिवाय रोग कळत नाही, त्यामुळे दवाखान्याची माणसं येण्याआधी सगळं पुरून टाकू नका.

अनेक घरांत अडीनडीला विकायला चार कोंबड्याच असतात. एका आजारी कोंबडीचं किलोभर मटण वाचवण्यासाठी आख्ख्या पाड्याची खुराडी रिकामी होऊ देणं परवडणारं नाही.