वाळवंटातील क्वाड बाइक आणि एअर फिल्टरची निवड



ऑक्टोबर संपत आला, उन्हाचा तडाखा कमी झाला की आखातातल्या आपल्या कुटुंबांचे सुट्टीचे बेत वाळवंटाकडे वळतात. दुबई-हत्ता रस्त्यावरच्या बदायरच्या तांबड्या टेकड्या म्हणजे सगळ्यांची 'बिग रेड', जवळचे लहबाब, आणि हौस दांडगी असेल तर थेट लिवा! सुरुवातीला तासाच्या भाड्याने चालवलेली क्वाड बाइक, म्हणजेच एटीव्ही, पुढे काही जण विकतही घेतात. मग टायर, हेल्मेट, गॉगल यांवर भरपूर चर्चा होते. सीटखालच्या डब्यात बसलेल्या एअर फिल्टरकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. वाळवंटात इंजिनचे आयुष्य बरेचसे या स्वस्त भागावर अवलंबून असते. म्हणून ही थोडी माहिती.

फिल्टरला काम किती?

७०० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. ५००० आरपीएमला हा हिशेब मिनिटाला सुमारे १७५० लिटर हवेवर जातो. गावाकडे गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा पावणेदोन टाक्या, दर मिनिटाला! आणि ही सगळी हवा पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीतली.

टेकडीवरच्या वाळूचा कण साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा असतो. तो जड असल्याने लवकर खाली बसतो. खरा शत्रू म्हणजे हवेत तरंगणारी वस्त्रगाळ धूळ. तिचे कण १०-२० मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक असतात (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो). वाळूतले क्वार्ट्झ चांगलेच कठीण असते. ते ऑइलमध्ये मिसळले की पॉलिश पेपरसारखे काम करते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, निळा धूर येऊ लागतो आणि शेवटी इंजिनचे काम निघते. हा खर्च फिल्टरच्या किमतीच्या कित्येक पट असतो. शिवाय मुलेबाळे बरोबर असताना टेकड्यांच्या मधोमध गाडी बंद पडली तर काय, याचाही विचार करावा.

फिल्टरचे तीन प्रकार

१. फोम: स्पंजासारखा असतो आणि त्याला चिकट तेल लावलेले असते. हवा वाकड्यातिकड्या वाटेने आत जाते आणि धूळ तेलाला चिकटते. धूळ पूर्ण जाडीभर साठत असल्याने तो लवकर तुंबत नाही. धुऊन पुन्हा वापरता येतो. बाहेर जाड आणि आत बारीक छिद्रे असलेला दुपदरी फोम वाळवंटासाठी उत्तम. मात्र तेलाशिवाय तो निव्वळ चाळणी!

२. कागदी: घड्या घातलेला कागद. बारीक धूळ छान अडवतो, देखभाल जवळजवळ नाही. पण धूळ पृष्ठभागावर बसत असल्याने लवकर तुंबतो, आणि ओला झाला की संपला. तो धुऊ नये, बदलावा.

३. कापडी: तेल लावलेल्या सुती जाळीचा. हवा मोकळी सोडतो, धुताही येतो. जाहिरातींत 'जास्त पॉवर' म्हणून मिरवणारा बहुधा हाच. पण अति बारीक धुळीत चांगला फोम किंवा कागद जास्त भरवशाचा.

निवडताना काय पाहावे?

पहिला प्रश्न 'हवा किती सोडतो?' हा नसावा, 'धूळ किती अडवतो?' हा असावा. समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक दोनच टक्क्यांचा वाटतो, पण दुसऱ्यातून इंजिनमध्ये तिप्पट धूळ जाते! असे आकडे आयएसओ ५०११ या चाचणीप्रमाणे दिलेले असतील तरच त्यांची तुलना करावी.

दुसरे म्हणजे फिटिंग. फिल्टर कितीही भारी असला तरी कडेला फट राहिली तर हवा तिथूनच आत जाणार. त्यामुळे आपल्या मॉडेलसाठीच बनवलेला फिल्टर घ्यावा. 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणणारा टाळावा.

तिसरे, एअरबॉक्सचे झाकण काढून उघडा फिल्टर लावायचा मोह टाळा. त्याने धूळ वाढतेच, शिवाय इंधन-हवेचे प्रमाण बिघडून इंजिन तापू शकते. त्यापेक्षा फिल्टरवर चढवायचे पातळ जाळीदार कव्हर मिळते, ते घ्यावे. जाड वाळू बाहेरच राहते.

थोडक्यात, आपल्याकडच्या वाळूसाठी दुपदरी फोम, त्यावर कव्हर, आणि घरी तेल लावून तयार ठेवलेला एक जास्तीचा फिल्टर. कंपनीने कागदी फिल्टर दिला असेल तर तोच ठेवावा आणि वेळेवर बदलावा.

फोम फिल्टरची स्वच्छता

* फिल्टर काढल्यावर इंजिनकडे जाणाऱ्या नळीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे.
* फिल्टर क्लीनरने जुने तेल काढून मग कोमट साबणपाण्यात धुवावा. पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका असतो आणि फोमचे जोडही सुटतात.
* दाबून पाणी काढावे, पिळू नये. हवेच्या झोताने साफ करू नये. सावलीत पूर्ण वाळवावा.
* फोम फिल्टरचेच तेल लावावे. इंजिन ऑइल खाली ओघळून जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मळावा म्हणजे तेल सगळीकडे सारखे लागते. जास्तीचे दाबून काढावे.
* बसवताना कडेला पातळ ग्रीस लावावे आणि क्लिपा नीट लागल्याची खात्री करावी.

हे किती वेळा?

मॅन्युअलमधली मुदत साध्या वापरासाठी असते. वाळवंटात प्रत्येक फेरीनंतर फिल्टर पाहावाच. मुलांच्या छोट्या क्वाडचाही! ती जमिनीलगत आणि बहुधा सगळ्यांच्या मागे, म्हणजे भर धुळीत चालते.

आणखी एक सोपी परीक्षा. फिल्टरच्या आतल्या बाजूच्या नळीत पांढऱ्या फडक्याने बोट फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर सगळे ठीक. मातकट झाले तर गाडी चालवू नका. आधी फट शोधा, फिल्टर बदला आणि ऑइलही बदलून घ्या.

जुनी क्वाड विकत घेणाऱ्यांनी तर सौदा करण्याआधी ही परीक्षा जरूर करावी. चकचकीत रंगापेक्षा ती नळी जास्त खरे बोलते!