ड्रॅक्युला चाकरीला राहतो तेव्हा

दिवाळी अंकात एखादी तरी भुताची गोष्ट असावी, हा आपल्याकडचा जुना प्रघात. चकली खाता खाता अंगावर काटा येण्यात एक वेगळीच मौज असते. आज मी ज्या भुताविषयी लिहिणार आहे, ते मात्र आपल्या पिंपळावरचे नाही. ते जन्मले युरोपात आणि त्याची चित्रे काढली जपानने. ‘हेलसिंग’ या जपानी चित्रमालिकेविषयी मी बोलतो आहे. अशा मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, हे घरातली मुले वडीलधाऱ्यांना सांगतीलच.

माझी ओढ इतिहासाची. म्हणून आधी मुळाशी जाऊ. आजच्या रुमानियातील वालाचिया या छोट्या राज्यावर पंधराव्या शतकात तिसरा व्लाद राज्य करीत होता. त्याच्या बापाला एका सरदारी पंथामुळे ‘ड्राकुल’, म्हणजे ड्रॅगन, असे नाव पडले होते. म्हणून मुलगा झाला ‘ड्राकुला’. १४६२ साली तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमद चालून आला, तेव्हा राजधानीजवळ त्याला सुळावर चढवलेल्या माणसांचे रानच दिसले. खाल्कोकोंडिलिस या ग्रीक इतिहासकाराने त्यांची संख्या सुमारे २०,००० दिली आहे. आकडा फुगवलेला असेलही. क्रौर्य मात्र खोटे नव्हते. छपाईची कला तेव्हा नवी होती. १४९९ साली न्युरेंबर्गला छापलेल्या एका पुस्तिकेवर सुळांच्या शेजारी जेवायला बसलेला व्लाद दाखवला आहे. असली पुस्तके तेव्हाही हातोहात खपत!

पण हा राजा रक्त पिणारा पिशाच्च कुणाच्या कल्पनेत नव्हता. तो मान त्याला चारशे वर्षांनी ब्रॅम स्टोकरने दिला. आपल्या कादंबरीतील खलपुरुषाचे नाव त्याने आधी ‘काउंट वँपायर’ योजले होते. पुढे १८९० मध्ये व्हिटबीच्या वाचनालयातील एका पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले. कादंबरी १८९७ ला आली. त्या सुमारास या जातीच्या भुतांची इंग्रजीत इतकी चलती होती, की रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये आपल्या वेताळकथा इंग्रजीत आणताना बिचाऱ्या वेताळालाही ‘व्हँपायर’ करून टाकले. झाडाला लोंबकळून राजाला कोडी घालणारा आपला वेताळ! त्याला रक्ताची तहान कुठली?

आता मालिकेकडे वळू. कोउता हिरानो यांची मूळ चित्रकथा १९९७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिची कल्पना नामी आहे. कादंबरीत ड्रॅक्युलाशी झुंजणाऱ्या व्हॅन हेलसिंगच्या घराण्याने त्याला ठार न मारता चाकरीला ठेवले आहे. नाव तेवढे उलटे वाचायचे : अलुकार्ड. घराण्याची आजची धनीण इंटिग्रा ही तरुण, करारी बाई. तिच्या हुकुमावाचून हा शेकडो वर्षांचा राजा पाऊल उचलीत नाही. दोघांतले हे नाते मालिकेचे पहिले बलस्थान.

दुसरे बलस्थान विचाराचे आहे. राक्षसाला संपवण्याचा अधिकार माणसाचाच, असे हा पिशाच्चच मानतो. म्हणून त्याचा कडवा शत्रू, पाद्री अँडरसन, विजयासाठी आपले माणूसपण टाकून देतो, तेव्हा अलुकार्ड रडतो. पिशाच्चाला माणसाचा हेवा वाटावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दोषही सांगितले पाहिजेत. २००१ ची पहिली मालिका तेरा भागांची. मूळ कथा तेव्हा अर्धवट होती, म्हणून निर्मात्यांनी स्वतःचा मार्ग धरला आणि शेवट अधांतरी राहिला. २००६ ते २०१२ या काळात दहा भागांत आलेली दुसरी आवृत्ती मुळाला धरून आहे. पण तिला रक्तपाताचा सोस अनावर. लंडन जळते, माणसे चिरडली जातात, आणि हे सारे जत्रेतल्या आतषबाजीसारखे रंगवले जाते. मुलांसमोर लावण्याजोगी ही मालिका नव्हे.

याहून गंभीर दोष मला इतिहासाचा वाटतो. इथले खलनायक उरलेसुरले नाझी आहेत, आणि तेही पिशाच्च झालेले. पण खऱ्या नाझींना पिशाच्च व्हावे लागले नव्हते. याद्या करणारे कारकून, आगगाड्या हाकणारे चालक, संध्याकाळी घरी जाऊन लेकरांना मांडीवर घेणारे अधिकारी, अशा साध्या माणसांच्या हातून साठ लाख ज्यू मारले गेले. त्या मृतांना या गोष्टीत जागाच नाही.

नाही म्हणायला, मालिकेला याची जाणीव आहे. तिचा मुख्य खलनायक, युद्धाला चटावलेला तो ठेंगणा मेजर, अखेरपर्यंत स्वतःला माणूसच म्हणवतो. आणि अलुकार्ड आपली सारी शक्ती मोकळी करतो, तेव्हा त्याच्या देहातून त्याने गिळलेल्यांची फौज बाहेर पडते. वालाचियाचे शिपाई आणि तुर्कांचे जानिसारी खांद्याला खांदा लावून त्याच्याचसाठी लढतात. ज्याने मारले, त्याचीच चाकरी! ते दृश्य पाहताना मला सुळावरच्या त्या अनाम माणसांची आठवण झाली. व्लादचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकाचेही नाही.

घरातल्या मोठ्या मुलांनी ही मालिका पाहिली, तर त्यांना रागावू नका. गोष्ट संपल्यावर एवढेच विचारा, की यातला खरा कोण होता? भुताच्या गोष्टीने घाबरावे, हसावे, मग फराळाला बसावे. पण सूळ रोवणारे हात माणसाचे होते, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवे. आणि ते काम आपल्या घरातल्याच कुणाला तरी करावे लागेल.