तळटीप १७ : विलायती बशी

१७. विलायती बशी : झाशीच्या लक्ष्मी दरवाज्याजवळच्या आजोळी असलेली ही निळ्या चित्रांची बशी लेखिका ‘राणीसाहेबांच्या वेळची’ म्हणतात. ते फारसे संभवत नाही. बशीच्या पाठीवर ‘इंग्लंड’ असे छापल्याचे त्याच पुढे लिहितात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत १८९१ पासून हा शब्द सर्रास छापला जाऊ लागला. राणीसाहेबांची झाशी तर पडली एप्रिल १८५८ मध्ये. पाठीवर १८४२ ते १८८३ या काळातली हिऱ्याच्या आकाराची नोंदणीखूण असती, तर गोष्ट वेगळी होती. त्या खुणेतली अक्षरे वर्ष-महिना सांगतात. मात्र ती तारीख नक्षीच्या नोंदणीची, भांडे घडल्याची नव्हे.

बशी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात न ठेवता ओसरीवरच्या फडताळात ठेवत, ही लेखिकेची नोंद मला बशीच्या वयाहून मोलाची वाटते. पितळ चिंच-राखेने घासून शुद्ध होई, चिनी मातीला ती सोय नाही असे मानत. म्हणून कपबशी बाहेर.

वाचकांच्या घरी अशी बशी फुटलीच, तर पाठीवरच्या खुणेचा तुकडा तेवढा जपून ठेवावा. — संपादक