दोन चाकांचा एक ब्रेक

आखातातल्या गॅरेजमध्ये काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एक होंडा एसटी-1300, लांब पल्ल्याची टूरिंग बाइक, ब्रेक ऑइल बदलायला आली. मी पुढची, मागची एअर काढली आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी ग्राहक परत आले. जेबेल जैसच्या उतारावर पायाचा ब्रेक खोल गेला होता. हाताच्या ब्रेकने निभावलं. चूक माझी होती. एक निपल मी सोडून दिलं होतं.

उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, ही गाडी दोन ब्रेकांची नाही, एका जाळ्याची आहे." त्या जाळ्याचा इतिहास मी नंतर वाचला.

द्रवाने दाब पोहोचवणारे ब्रेक मोटारीत 1921 च्या ड्यूझनबर्गने आणले. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर त्यातच जिरतो. मोटारसायकलवर मात्र पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळेच राहिले. घाबरलेला माणूस नुसता मागचा दाबतो, चाक घसरतं. यावर इटलीच्या मोटो गुझीने 1975 च्या सुमारास उपाय काढला: पायाच्या पेडलने मागची आणि पुढची एक डिस्क एकत्र, हाताच्या लिव्हरने पुढची दुसरी. 1983 च्या गोल्ड विंगवर होंडानेही ब्रेक जोडले. 1990 च्या दशकात होंडाची ड्युअल सीबीएस आली. त्यात लिव्हर दाबला की पुढचा कॅलिपर चाकाबरोबर किंचित सरकतो, दुय्यम मास्टर सिलिंडर दाबतो आणि दाब मागच्या चाकाला जातो. पेडलही दोन्ही चाकांना जोडलेलं.

सुरक्षितता वाढली, तसे हवा लपायचे कोपरेही वाढले. म्हणून अशा गाडीत एअर काढायचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो अंदाजाने बदलायचा नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 कोरं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर वाफ झाली की ती बुडबुड्यासारखीच दगा देते.

भारतात एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. आपल्या बऱ्याच स्कूटरवर हा जोड केबलचा असतो, तिथे एअर काढायची भानगड नाही. पण तेलाचा जोडब्रेक असेल, तर मेकॅनिकला एकच विचारा: "भाई, सगळे निपल झाले का?"

त्या दिवशी उस्तादांनी मला पुन्हा पहिल्या निपलपासून बसवलं. संध्याकाळी पेडल दगडासारखं घट्ट झालं. गाडी द्यायच्या आधी पहिली फेरी त्यांनी मलाच मारायला लावली.