वॉशिंग्टन: एका आडनावाचे वारस

गावावरून आडनाव पडणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावचे ते मर्ढेकर, गोव्यातील मंगेशीचे ते मंगेशकर. या आडनावांतील 'कर' हा प्रत्यय गाव आणि माणूस यांच्यामध्ये एक उंबरठा राखून असतो. मर्ढे हे गाव आणि मर्ढेकर हा माणूस, यांची गल्लत होत नाही. इंग्रजीतही गावांवरून हजारो आडनावे पडली. परंतु तेथे हा उंबरठा कालांतराने झिजून गेला. प्रारंभी 'अमुक गावचा' हे सांगण्यासाठी नावाच्या मध्ये 'द' हा नॉर्मन फ्रेंच शब्द येत असे. पुढे तो गळून पडला आणि गावाचे नाव जसेच्या तसे माणसाचे आडनाव झाले. ते घेऊन माणसे समुद्रापार गेली, आणि तेथील नव्या वसाहतींना तेच आडनाव पुन्हा जसेच्या तसे चिकटले. गावाचा माणूस झाला आणि माणसाचे पुन्हा गाव झाले.

या उलटसुलट प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'वॉशिंग्टन' हे आडनाव. एका राजधानीला, एका राज्याला, डोंगरांना आणि तीसेक जिल्ह्यांना ते लाभले आहे. नकाशावर ते इतके मोठे झाले आहे की ते माणसांचेही आडनाव आहे, आणि ते कोणत्या माणसांचे आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठी आहे.

मूळ वॉशिंग्टन हे ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातले एक खेडे. जुन्या इंग्रजीत 'टन' म्हणजे शेतवाडी आणि 'इंग' म्हणजे अमक्याची माणसे. त्यामुळे 'ह्वॅसा नावाच्या इसमाच्या माणसांची वाडी' असा या नावाचा अर्थ लावला जातो. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ११८३ च्या सुमारास, विल्यम द हर्टबर्न नावाच्या एका सरदाराने आपली हर्टबर्नची जहागीर सोडून डरहॅमच्या बिशपकडून या गावची जहागीर घेतली आणि प्रथेप्रमाणे नवे गाव नावाला जोडले. हर्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा विल्यम झाला. म्हणजे जगभर गाजलेल्या या आडनावाच्या मुळाशी जमिनीचा एक अदलाबदलीचा व्यवहार आहे. तो झाला नसता, तर अमेरिकेच्या राजधानीचे नाव कदाचित हर्टबर्न असते.

इंग्लंडच्या दक्षिणेस, पश्चिम ससेक्समध्ये, वॉशिंग्टन नावाचे आणखी एक गाव आहे. त्याचा या घराण्याशी संबंध नाही. त्याचे नाव दुसऱ्याच कोणा इसमाच्या माणसांवरून पडले आहे. नाव सारखे असले म्हणजे नाते असतेच असे नाही. हे साधे तत्त्व पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

घराण्याची एक शाखा पुढे नॉर्दम्प्टनशरमध्ये गेली. तेथील लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर मठांच्या जमिनी विक्रीस निघाल्या, त्यांतून त्याने १५३९ मध्ये सलग्रेव्हची जमीन घेतली. त्याच्या वंशातला जॉन वॉशिंग्टन १६५७ मध्ये व्हर्जिनियात येऊन स्थायिक झाला. त्याचा पणतू जॉर्ज. या घराण्याची कुलचिन्हे, पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे पट्टे आणि त्यांवर तीन तांबड्या चांदण्या, १९३८ पासून अमेरिकेच्या राजधानीच्या ध्वजावर आहेत. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही त्यांवरूनच बेतला, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन ज्या घरात राहिला आणि वारला, त्या 'माउंट व्हर्नन'चे नावही असेच फिरून आलेले. त्याचा सावत्र भाऊ लॉरेन्स हा ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन याच्या हाताखाली लढला होता. त्या आदरापोटी त्याने आपल्या मळ्याला हे नाव दिले. आणि व्हर्नन हे आडनाव तरी कोठले? मुळात ते नॉर्मंडीतील एका गावाचे नाव. इंग्रजी सत्तेविरुद्ध लढलेल्या सेनापतीच्या दारावर अशा रीतीने अखेरपर्यंत एका इंग्रज ॲडमिरलचे नाव होते.

सप्टेंबर १७९१ मध्ये नव्या राजधानीची उभारणी पाहणाऱ्या आयुक्तांनी तिला वॉशिंग्टनचे नाव दिले. तो तेव्हा हयात होता, राष्ट्राध्यक्ष होता. स्वतः मात्र तो संकोचाने तिला 'फेडरल सिटी'च म्हणत राहिला. पुढे १८५३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर नवा प्रांत वेगळा काढायचे ठरले. तेथील लोकांनी मागितले होते 'कोलंबिया' हे नाव. केंटकीचे प्रतिनिधी रिचर्ड स्टँटन यांनी हरकत घेतली, की राजधानीच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी त्याचा घोटाळा होईल; सबब प्रांताला वॉशिंग्टन म्हणावे. ही दुरुस्ती मंजूर झाली. घोटाळा टाळण्यासाठी निवडलेल्या त्या नावापायी आजतागायत राजधानीचे वॉशिंग्टन कोणते आणि राज्याचे कोणते, हे दरवेळी खुलासा करून सांगावे लागते.

नकाशावरचा विस्तार येथवर. आता माणसांकडे वळू. जॉर्ज वॉशिंग्टनला अपत्य नव्हते. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे नोंदली गेली, आणि त्यांतील जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय होती. ईशान्य इंग्लंडमधील एका जहागिरीचे नाव आज प्रामुख्याने गुलामांच्या वंशजांचे आडनाव आहे. हे कसे घडले?

सर्वांना सुचणारे उत्तर असे, की गुलामांना मालकाचे आडनाव मिळे. मराठी वाचकाच्या मनात हे उत्तर पक्के असण्याचे एक कारण म्हणजे वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे गाजलेले चरित्र. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचे 'कार्व्हर' हे आडनाव खरोखरच त्याच्या मालकाचे, मोझेस कार्व्हरचे होते. परंतु वॉशिंग्टन आडनावाच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३; पत्नी मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिस घराण्याच्या, मिळकतीतून आलेले १५३; आणि शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेले ४१. मृत्युपत्रान्वये त्याने स्वतःच्या गुलामांना मुक्त केले. मार्थाने ते काम १ जानेवारी १८०१ रोजी पुरे केले. कस्टिसांच्या गुलामांना मुक्त करण्याचा त्या दोघांनाही कायदेशीर हक्क नव्हता; ते वारसांत वाटले गेले. वॉशिंग्टन घराण्याच्या इतर शाखांचेही गुलाम होते, हे खरे. तरीही दीड लाखांवर माणसांचे आडनाव एका घराण्याच्या मळ्यांवरून आले असे मानणे कठीण आहे.

मालकाचे नाव लावणे म्हणजे मालकाला मानणे, असेही नव्हे. हॅरी वॉशिंग्टनचे चरित्र येथे आठवावे. हा आफ्रिकेत, गँबिया नदीच्या परिसरात, जन्मलेला. १७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने त्याला विकत घेतले. १७७१ मध्ये तो पळाला आणि पकडला गेला. बंडखोर वसाहतवाल्यांचे जे गुलाम ब्रिटिश फौजेत येतील त्यांना स्वातंत्र्य देऊ, अशी घोषणा व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने १७७५ मध्ये केली, आणि पुढच्याच वर्षी हॅरी ब्रिटिशांना जाऊन मिळाला. युद्ध संपल्यावर, मे १७८३ मध्ये, विजयी सेनापती वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती गाय कार्ल्टन याच्याकडे पळून गेलेले गुलाम परत मागितले. कार्ल्टनने नकार दिला. न्यूयॉर्क सोडून जाणाऱ्या कृष्णवर्णीयांची एक नोंदवही मात्र करून घेतली. त्या वहीत त्रेचाळीस वर्षांचा हॅरी वॉशिंग्टन आहे. सेनापतीचे आडनाव लावून तो सेनापतीच्या हातून निसटत होता.

तो आधी नोव्हा स्कॉशियाला गेला, तेथून १७९२ मध्ये सिएरा लिओनला. तेथील कंपनी सरकारने वसाहतीतील लोकांच्या जमिनींवर कर बसवला, कारभारात मात्र त्यांना वाटा दिला नाही. सप्टेंबर १८०० मध्ये वसाहतवाले उठले. बंड मोडले गेले, आणि हॅरीला हद्दपारीची शिक्षा झाली. जॉर्ज वॉशिंग्टनला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आपल्या संमतीवाचून आपल्यावर कर नको, या मागणीपायी सत्तेशी झगडलेली ही दोन वॉशिंग्टन. एकाच्या वाट्याला राजधानी आली, दुसऱ्याच्या वाट्याला हद्दपारी. अमेरिकन राज्यक्रांतीचा आशय या दोघांपैकी कोणी अधिक अक्षरशः घेतला, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात विचारण्यासारखा आहे.

हॅरी हा माउंट व्हर्ननचा होता; मॅडिसन वॉशिंग्टन नव्हता. १८४१ मध्ये 'क्रिओल' नावाच्या जहाजातून व्हर्जिनियाचे गुलाम न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात नेले जात असता त्याच्या नेतृत्वाखाली त्यांनी जहाज ताब्यात घेतले आणि बहामातील नासाऊ बंदरात, ब्रिटिश कायद्याच्या छायेत, बहुतेकांनी स्वातंत्र्य मिळवले. दोन राष्ट्राध्यक्षांची नावे एकाच बंडखोर गुलामात एकत्र आलेली होती. फ्रेडरिक डग्लस यांनी १८५३ मध्ये त्याच्यावर 'द हिरोइक स्लेव्ह' ही कथा लिहिली.

गुलामांच्या आडनावांविषयीची आपली समजूत इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात बरीच बदलून टाकली. अनेक गुलाम कुटुंबांना मालकाच्या नोंदीत नसलेली स्वतःची आडनावे होती. ती बहुधा तत्कालीन मालकाची नसत, पूर्वीच्या एखाद्या मालकाची, म्हणजे जेथे कुटुंब अखेरचे एकत्र होते तेथली, असत. अशा कुटुंबाच्या लेखी आडनाव म्हणजे ताटातूट झालेल्या नातलगांना शोधण्याची खूण होती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, पण त्यांत सामान्यतः नावे नव्हती; वय, लिंग आणि वर्ण एवढेच मालकाच्या नावाखाली लिहिले जाई. सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या, १८७० च्या, जनगणनेत ती प्रथमच नावा-आडनावांनिशी उतरली. त्या वेळी अनेकांनी जुनी आडनावे जाहीर केली, काहींनी नवी घेतली. आणि नवे घेणाऱ्याला उपलब्ध नावांत ज्या नावाभोवती स्वातंत्र्याची कथा रचलेली होती, ते नाव जवळचे वाटावे यात नवल नाही.

याच सुमारास, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्याहून फुल्यांना जी मुक्ती दिसत होती, तिचा एक रोजचा, घरगुती भाग म्हणजे आडनाव सांगणे. विचारणारा कारकून समोर बसला आहे आणि उत्तर आपले आपण द्यायचे आहे. ज्याला कालपर्यंत 'अमक्याचा जॉन' म्हटले जाई, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

हा प्रसंग एकाने स्वतः लिहून ठेवला आहे. बुकर टी. वॉशिंग्टन हे व्हर्जिनियातील बरोज नावाच्या मालकाच्या मळ्यावर १८५६ मध्ये जन्मले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अप फ्रॉम स्लेव्हरी' या आत्मचरित्रात ते सांगतात, की शाळेत हजेरी घेताना इतर मुले दोन-दोन, तीन-तीन नावे सांगत होती, आणि आपल्याला तर एकच नाव. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तोडगा काढला, आणि जणू जन्मापासून तेच नाव असावे अशा शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे उत्तर दिले. बरोज हे मालकाचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांच्या सावत्र वडिलांचे पाळण्यातले नाव वॉशिंग्टन होते, तेव्हा ते घरातले होतेच. पुढे त्यांना कळले, की आईने आपले नाव 'बुकर टॅलियाफेरो' ठेवले होते. मग तेही त्यांनी मधे घातले. १८८१ मध्ये टस्कीगीची शाळा त्यांनी याच नावाने चालवायला घेतली, आणि १८९६ मध्ये कार्व्हरला याच नावाने तेथे बोलावून घेतले.

आडनावाचा वारसा रक्ताने चालतो असे धरले, तर जॉर्जची शाखा त्याच्यापाशीच थांबली. तो निवडीने आणि वापराने चालतो असे धरले, तर हॅरी, मॅडिसन आणि बुकर हे उसन्या नावाचे धनी ठरत नाहीत. जहागीर बदलली म्हणून हर्टबर्नच्या विल्यमनेही हे नाव निवडलेलेच होते. त्याच्या नावापाठीमागे जमीन होती. शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलापाठीमागे काहीच नव्हते. 'वॉशिंग्टन' हा शब्द त्या दिवशी त्याने स्वतःच्या हिमतीवर उच्चारला, आणि हजेरीपुस्तकात तो लिहिला गेला.