हॉटेलात कोण बसू शकतं? मुंबईच्या साध्या खाण्याच्या जागांचा इतिहास

आजचा विषय पोटाचा आहे, पण तो पोटापाशी थांबत नाही. मुंबईला गेल्यावर बघण्यासारख्या, परवडणाऱ्या खाण्यापिण्याच्या जागा कोणत्या, हे आपण पाहू. आणि त्या निमित्तानं एक प्रश्न विचारू: या जागांत कोण कोणाशेजारी बसू शकत होतं?

कुरुंद्यासारख्या गावात आपण ‘हॉटेल’ म्हणतो ते चहाच्या दुकानाला. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. म्हणजे इंग्रजी शब्द घेतला, पण अर्थ आपला दिला. या हॉटेलात आपल्याकडे एक गोष्ट वर्षानुवर्षं चालली. दलितांची कपबशी वेगळी. ती बाहेर ठेवलेली, चहा प्यायचा आणि स्वतःच विसळून ठेवायची. सभागृहातल्या थोरामोठ्यांना हे सांगायची गरज नाही. नव्या पिढीनं मात्र ऐकून ठेवावं.

आता मुंबईकडे जाऊ. नांदेडहून तपोवन किंवा देवगिरीनं गेलात की दादर लागतं आणि शेवटी सीएसएमटी. या दोन स्टेशनांच्या आसपासच आपला बराचसा इतिहास सापडतो.

सुरुवात खानावळीपासून. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातून, घाटावरून लोक आले. बायकामुलं गावाकडे, माणूस एकटा. एका खोलीत दहा-पंधरा जण, स्वयंपाकाला जागा नाही. मग शेजारची एखादी बाई जेवण घालायची आणि पगाराला पैसे घ्यायची. गिरणगाव या उधारीवर जेवला. पण इथेही पंगत बहुधा आपल्या गावाची, आपल्या जातीची. शहरात आलं म्हणजे जात गळून पडली, असं झालं नाही. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात दलितांना घेत नसत. कारण काय, तर कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, आणि त्यांचं उष्टं इतरांना चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. म्हणजे ताटातला भेद यंत्रापर्यंत पोचला होता.

मग ही वीण सैल कुठे झाली? आमच्या मते, त्यात इराण्याच्या हॉटेलाचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या यझ्द, केरमान भागांतून झरथुष्ट्री लोक इकडे आले. त्यांनी चहाची दुकानं काढली, पुष्कळदा रस्त्याच्या कोपऱ्यावर. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, ब्रुनमस्का, पानी कम चहा. मालक ना हिंदू ना मुसलमान. गिऱ्हाइकाला जात विचारण्यात त्याला काडीचा रस नव्हता. ज्या काळात रेल्वे स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं होतं, त्या काळात इथे एकाच टेबलावर वकील, कारकून आणि हमाल बसू शकत होते. ही काही चळवळ नव्हती, धंदाच होता. पण त्या धंद्यानं सवय लावली. धोबीतलावावरचं कयानी १९०४ पासून आहे, आणि बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून. दोन्ही सीएसएमटीहून चालत जाण्याच्या अंतरावर. ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा तर दुपारीच जा.

दादरला उतरलात तर स्टेशनासमोर मामा काणे, १९१० सालापासूनचं. बटाटावडा घ्या. तिथून पुढे माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं. केळीच्या पानावर जेवण मिळतं. आपल्या वसमत भागातल्या माणसाला केळीच्या पानाचं अप्रूप नाही, पण अनोळखी माणसाशेजारी बसून त्यावर जेवण्यात वेगळी मजा आहे.

आता पिण्याच्या जागा. आपल्याकडे रस्तोरस्ती ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते. हा शब्द आला कुठून? मुंबई राज्यानं १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे बंदी ढिली झाली, पण प्यायची तर परवाना हवा, ही अट राहिली. म्हणून ती परमिट रूम. बंदीच्या कायद्यानं दारूच्या दुकानाला नाव द्यावं, ही गंमतच. कुलाब्याचं लिओपोल्ड मात्र त्याच्याही आधीचं, १८७१ चं, इराण्यांनीच काढलेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथे माणसं मेली. काही दिवसांतच दार पुन्हा उघडलं. गोळ्यांच्या खुणा भिंतीवर ठेवल्या आहेत.

पण आपला प्रश्न सवयीवर सुटला नाही, त्याला कायदा लागला. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा त्याहून पुढे गेला. हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरला. बघा, देशाच्या कायद्याला कपबशीपर्यंत खाली यावं लागलं. तरी १९७२ साली बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलंच.

खानावळवाल्या बायकांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर सावकाराशिवाय त्यांना कोणी उभं करत नव्हतं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, जेवणारे गावी परतले आणि अनेक चुली विझल्या. आज त्या जागी मॉल आहेत, पब आहेत. तिथे जात कोणी विचारत नाही, हे खरं. दरपत्रक मात्र दारातच विचारून घेतं.

म्हणून मुंबईला गेलात तर या जुन्या जागांत जरूर जा. अजून तिथे गिरणी कामगाराच्या नातवाला आणि साहेबाला एकाच टेबलावर बसता येतं. आणि गावी परत आलात की आपल्या हॉटेलातल्या कपबश्यांकडे एकदा नीट बघा. सगळ्या एकाच फळीवर आहेत ना?

आता प्रश्न घेऊ.