एका माशाचं आजारपण

आपल्या पूर्वजांनी आजाऱ्यांची सोय मोठी चोख करून ठेवली आहे. हत्तीला काही झालं तर पालकाप्य मुनींचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे. घोड्यांसाठी शालिहोत्र आहेत. झाडंसुद्धा वाऱ्यावर सोडलेली नाहीत. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ उघडला तर झाडाला वात, पित्त, कफ कसे होतात आणि त्यावर काय करावं, हे सगळं सापडतं. त्यातलंच एक टॉनिक म्हणजे कुणपजल. मांस, चरबी, मासे असलं काहीबाही शिजवून आणि कुजवून केलेलं पाणी. (ते वाचलं आणि आमच्या गुलाबाला मी सांगून टाकलं, बाबा रे, तू आपला शेणखतावरच भागव.) वृक्षायुर्वेदात मासा भेटतो तो असा, थेट औषधाच्या मडक्यात.

पुढे कुठेही जा, हेच. सम्राट अशोकानं माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचं दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवलं आहे. आता ‘पशू’ या शब्दात मासा बसतो की नाही, हे कोणी त्याला विचारलेलं दिसत नाही. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात मात्र मासा आहे. काही जातींना अभय, आणि ठरावीक पौर्णिमांच्या आसपास व उपवासाच्या दिवशी कुठलाच मासा मारायचा नाही की विकायचा नाही. म्हणजे माशाला सुट्टी मिळाली, दवाखाना नाही. मग बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर येतो. त्याच्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. कुठकुठले मासे असतात, त्यांना काय काय चारावं, असं इतकं मायेनं सांगितलं आहे की वाचताना मन भरून येतं. आणि मग गळ कसा टाकावा ते येतं. विनोद म्हणजे करमणूक. ती कोणाची, हे माशाला विचारायला नको.

आपल्या शेजारच्या हैदराबादेत बत्तिनी घराण्यातले लोक, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १८४५ पासून, मृग लागला की दमेकऱ्यांना औषध देतात. ते जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात कोंबलेलं असतं आणि पिलासकट गिळायचं असतं. डॉक्टर मंडळींना हा उपाय पटलेला नाही. मरळीचं मत कोणी घेतलेलं नाही. सरकारी आरोग्य खातं विहिरीत गप्पी मासे सोडतं तेही हिवतापाचं औषध म्हणूनच. थोडक्यात काय, इतिहासभर मासा औषध आहे. रोगी म्हणून त्याला खाट मिळालेली नाही.

हे सगळं चाळायची वेळ माझ्यावर आली, कारण मागच्या डिसेंबरात आमच्या अमरावतीच्या घरी अकोल्याहून एक मासा ॲडमिट झाला.

अकोल्याला माझा भाचा शिकतो. तिथल्या एका दुकानदारानं गिऱ्हाइकांना गंमत दाखवायला दोन नर एकाच बरणीत सोडले होते. त्यातला हरलेला भाच्यानं विकत घेतला. “मावशी, तो मरून राह्यला होता न, मी काय करू?” एवढं त्याचं स्पष्टीकरण. त्याच्या होस्टेलवर माणसांना पाणी पुरत नाही, म्हणून मासा मफलरमध्ये गुंडाळलेल्या बरणीतून एसटीनं मूर्तिजापूरमार्गे माझ्याकडे आला. याच वाटेवर जून २०२२ मध्ये साडेचार दिवससुद्धा न घेता, म्हणजे १०५ तास ३३ मिनिटांत, ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस बुकात नाव नोंदवलं गेलं आहे. त्याआधीच्या खड्ड्यांतून पेशंट आला असता तर हा लेख इथेच संपला असता.

बरणीत पाहिलं तर करंगळीएवढा जीव, रंग उडालेल्या लुगड्यासारखा. शेपटीच्या चिंध्या झालेल्या. कुशीवर कापसासारखा पांढरा पुंजका. जखमेवर बुरशी चढली की असं दिसतं म्हणे. जात बेट्टा. शेजारच्या काकूंनी ते ‘बेटा’ असं ऐकलं आणि “आता या वयात?” असं माझ्याकडे पाहिलं.

या बेट्ट्याचं घराणं सयामचं, म्हणजे आताच्या थायलंडचं. भाताच्या बांधीत आणि गढूळ डबक्यांत राहायचं, हवा कमी पडली की वर येऊन तोंडानं हवा घ्यायची. त्यासाठी त्याच्या डोक्यात कल्ल्यांपाशी एक वेगळा अवयव असतो. हा नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडीही तोच सांभाळतो. मादीला हाकलून देतो, हे बऱ्याच बायकांना आदर्श वाटण्यासारखं आहे. पण दुसरा नर दिसला की संपलं. तिकडच्या भाषेत त्याचं नावच ‘चावरा मासा’ अशा अर्थाचं आहे. लोकांनी हे हेरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जास्त वेळ लढणारे निवडून वाढवले. जबड्यात जबडा अडकवून दोघं झुंजतात, मग हवा घ्यायला वर येतात, आणि पुन्हा सुरू.

१८४० मध्ये सयामच्या राजानं असे काही मासे एकाला दिले आणि त्यानं ते थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरला दिले. कँटर डेन्मार्कचा, नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालातल्या वैद्यकीय खात्यात. त्यानं १८४९ मध्ये या माशांबद्दल लिहिलं. सयामी लोकांना या झुंजींचं इतकं वेड की राजा त्यांच्या परवान्यावर चांगली कमाई करतो आणि लोक पैजेवर पैसेच नव्हे तर स्वतःला आणि बायकामुलांनाही लावतात, अशी त्याची नोंद आहे. आपल्याला यात नवीन काही नाही. धर्मराजानं हेच केलं, फक्त फासे वापरले. कँटरनं दिलेलं नाव चुकीचं ठरलं. त्या नावाचा मासा आधीच दुसरा होता. मग १९०९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या टेट रीगन यांनी ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ असं नवं बारसं केलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. माझ्या बरणीतल्या माशाकडे बघून रीगनसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे.

एक गोष्ट मला या इतिहासात फार विचित्र वाटली. या माशाची शुश्रूषा पहिल्यांदा केली ती दयाळू माणसांनी नव्हे, झुंजी लावणाऱ्यांनीच. बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकायची, पाणी चहासारखं तांबूस होतं, त्यात जखमी मासा ठेवायचा, ही रीत तिकडच्या पाळणाऱ्यांची. आमच्या अमरावतीत हे समजायला जड जाऊ नये. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथं आहे, त्यातले खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकात आपले देशी खेळ दाखवून आले. आणि मोडलेलं हाड बसवायचं तर अजूनही जुने लोक आखाड्याचीच वाट धरतात. जिथे हाडं मोडतात तिथेच ती बसवणारे तयार होतात.

बदाम म्हणजे खिरीतला नव्हे. शाळेच्या मैदानात छत्रीसारखा मजल्यामजल्यांनी वाढतो तो देशी बदाम. थंडीत त्याची पानं लाल होऊन गळतात, त्यामुळे औषध फुकट होतं. मी रस्त्यावरून पानं वेचताना पाहून दूधवाल्यानं सायकल थांबवली. “काऊन जी बाई, पत्रावळी कराच्या हायेत काय?” मासा आजारी आहे म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “येवढ्याशा मासोईले?”

दुसरं औषध खडे मीठ. चार लिटरला सपाट चमचा, तेही आठ-दहा दिवसच. ही बातमी फुटल्यावर त्याच दूधवाल्यानं सुचवलं, “दर्यापूरकडचं पानी आना ना बाई, मीठ टाकाचं कामच नाई!” तो हसला, मीही हसले, पण त्याचं गाव त्याच खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी इतकं खारं की प्यायला नाही आणि पिकालाही नाही. आणि हे नुसतं मीठ नाही, सोडियमबरोबर बायकार्बोनेटही असतं, जमीन दगडासारखी होऊन बसते. त्याची म्हातारी आई अख्खं आयुष्य गोड्या पाण्याच्या हंड्यामागे चालली. मी मात्र नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर, त्यात मोजून मीठ घालून एका माशाला देत होते. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून बदामाची पिशवीभर पानं आणून दिली.

तिसरं औषध निळं. मेथिलीन ब्लू. १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिख कारो यानं हा रंग काढला तो कापूस रंगवायला. १८९१ मध्ये बर्लिनला पॉल एर्लिखनं तो हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. मग हळूहळू तो माशांच्या बुरशीपर्यंत उतरला. म्हणजे कापसासाठी निघालेला रंग फिरत फिरत कापसाच्या गावी आला, आणि इथं रंगवलं काय? एक मासा, माझा ओटा, दोन टॉवेल आणि आमच्या ह्यांचा चष्म्याचा फडका. माझी बोटं पाहून भाजीवालीनं विचारलं, “बाई, मतदान कवा झालं?”

खरी पंचाईत थंडीची. या माशाला २६-२७ अंश हवेत आणि रात्री आमच्याकडे अंगावर गोधडी लागते. (अकोल्याचा मे असता तर उलट बर्फ टाकावा लागला असता.) माळ्यावरच्या पेटीतून जुना पिवळा बल्ब काढला आणि बरणीशेजारी लावला. सहा दिवस तो काही खाईना. सातव्या रात्री बरणीच्या तळाशी आडवा पडला. घरात आजारी माणूस असलं की सगळे हळू बोलतात, भांडी जपून ठेवतात. तसं आपोआप सुरू झालं. भाच्याचे दर तासाला फोन. ह्यांनी “शंभर रुपयांचा मासा” हे वाक्य त्या दिवशी एकदाही उच्चारलं नाही. मी खुर्ची ओढून बसले. आणि मोजत राहिले. तो तळाशी पडायचा, मग अंग वेडंवाकडं करत वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा, पुन्हा खाली. दोन वेळांमध्ये मिनिटं वाढत चालली होती. पहाटे साडेतीनला माझा डोळा लागला. उठले तेव्हा तो पानाच्या देठावर अंग टेकवून पाण्याच्या वरच्या थराला पडून होता. माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता. बघत असावा.

आठव्या दिवशी त्यानं डासाची एक अळी खाल्ली. आमच्या मोहल्ल्यात या पथ्याचा तुटवडा नाही. दहाव्या दिवशी पांढरा पुंजका गळून पडला. मग शेपटीच्या चिंध्यांना कडेनं काचेसारखी पारदर्शक किनार फुटू लागली. भिंगातून पाहिल्याशिवाय दिसत नव्हती, म्हणून घरातला प्रत्येक माणूस, दूधवाल्यासकट, भिंग घेऊन पाहून गेला. आपल्या १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव असं म्हटलं आहे आणि करमणुकीसाठी त्यांना झुंजवणं हा गुन्हा आहे, हे मी भाच्याला सांगितलं. त्यानं ते त्या दुकानदाराला ऐकवलं. आता तिथे बरण्यांच्या मध्ये पुठ्ठे लावलेले आहेत, म्हणजे एका नराला दुसरा दिसत नाही.

महिन्याभरानं किनारीत रंग भरला, गडद जांभळा. भाचा न्यायला आला, बरोबर वीस लिटरची काचेची टाकी आणि रूममेटची लेखी परवानगी. मी मासा भांड्यात काढून स्टीलच्या डब्याशेजारी ठेवला. डब्यात त्याला दुसरा नर दिसला. कल्ले पिंजारले, नवी शेपटी पंख्यासारखी उघडली, आणि सगळं अंग ताणून तो डब्यावर धावून गेला. दूधवाला दारातच होता. “बाप्पा! हा त बरा झाला!” तो म्हणाला, आणि माप काढून दूध घालायला लागला.